आंबेवळचा निरोप्या

त्या सुमारास चंद्रावरच्या वसाहतीत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला होता. आंबेवळला मात्र पाणी दर चौथ्या दिवशी, तासभर, हे वेळापत्रक कायम होतं. गावाची त्याबद्दल तक्रार नव्हती. पाचव्या दिवशी येणारी गावं शेजारीच होती.

हवामानाच्या बाबतीत मात्र आंबेवळ चंद्राच्याही पुढे गेलं होतं. गावालगतच्या टेकडीवर गल्ली-हवामान केंद्र उभं होतं. तुळी नदीला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्यात पाणी मोजणारे, ज्वारीच्या दाण्याएवढे थेंबमोजे पेरलेले होते, आणि वरच्या वाघजाईच्या डोंगरावर झाडाझाडाला वीजकान बसवलेले होते. ढगात विद्युतभार साठू लागला की हवेत एक बारीक कुरकुर सुरू होते. माणसाला ती ऐकू येत नाही, वीजकानाला येते. त्यामुळे कुठला ढग कुठल्या ओढ्यावर फुटणार आणि तुळीचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागणार, हे केंद्राला ढग गडगडण्याच्या आधीच कळायचं.

केंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. उर्मिला तांबवेकर. पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक इशारा दिला होता : 'आज सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी तुळी नदीला धडक-पूर येईल. पाणी घाटाच्या सातव्या पायरीपर्यंत चढेल.' पूर पाच वाजून अकरा मिनिटांनी आला. पाणी सातव्या पायरीपर्यंत चढलं. एका मिनिटाच्या चुकीबद्दल जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्यांना सुवर्णपदक दिलं. त्या पुरात आंबेवळची नऊ माणसं वाहून गेली.

कारण आंबेवळला पूर बघायला जायची पद्धत होती. तुळी आली की बायका नदीची ओटी भरायला घाटावर जात, आणि पुरुष फरशीवर, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावर उभे राहून पाणी कितव्या पायरीला आहे याबद्दल वाद घालत. पायऱ्या समोर दिसत असल्या तरी वाद होई. पुराच्या वेळी घरात बसणं हे आजारपणाचं लक्षण समजलं जाई. पूर्वी बातमी लागून, चपला शोधून लोक पोचेपर्यंत पाणी ओसरायला लागलेलं असे. त्या वर्षी प्रथमच सगळ्यांना आधीपासून वेळ कळली होती. चांगली जागा मिळावी म्हणून लोक पावणेपाचलाच गेले. पूर वेळेवर आला आणि गावही वेळेवर आलं.

तांबवेकरबाईंनी ते सुवर्णपदक कपाटात वरच्या खणात टाकलं आणि खालच्या खणात नऊ नावांचा कागद ठेवला. खालचा खण जास्त वेळा उघडला जाई. पुढच्या पुरात एकही माणूस जाता कामा नये, एवढंच त्यांना आता आयुष्याकडून हवं होतं.

त्यासाठी त्यांनी इरफान मुजावर या तरुण गणितज्ञाला केंद्रात आणलं. त्याचा विषय ढग नव्हता, माणूस होता. त्याच्या शास्त्राला तो प्रतिसाद-गणित म्हणायचा.

"मॅडम, पाच वर्षांपूर्वीचा पूर संगणकावर पुन्हा चालवला," जूनमधल्या एका सकाळी इरफान म्हणाला.

"किती?"

"नऊ."

"म्हणजे तुझं गणित बरोबर आहे."

"हो. मग तोच पूर इशारा न देता चालवला. दोन. घाटाखाली म्हशी धुणारे दोघं."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. नवातून दोन वजा करायला दोघांनाही संगणक लागला नाही.

"आपण काय म्हणतो ते ढगाला ऐकू येत नाही," इरफान हळूच म्हणाला. "उद्या पडणार म्हटलं म्हणून पाऊस लाजून थांबत नाही. पण पुरात मरतो माणूस, आणि त्याला ऐकू येतं. ऐकून तो काहीतरी करतो. मग आपला इशारासुद्धा त्या पुराचाच भाग झाला ना? तो गणिताच्या बाहेर कसा ठेवणार?"

"मग इशारा कडक करू. 'जिवाला धोका, नदीजवळ जाऊ नये.' चालव बघू."

इरफानने चालवलं. "अकरा."

"वाढले?"

"एवढं सांगतायत म्हणजे बघण्यासारखं असणार, असा अर्थ निघतो."

"'नदीवर आढळल्यास गुन्हा दाखल करण्यात येईल.'"

"चौदा. पोलीस बंदोबस्त म्हटल्यावर शेजारच्या गावची पण येतात."

बाई चिडल्या. "मग काय, पूर येणार नाही म्हणून सांगू?"

"तसं केलं तर दोन. पण पुढच्या वर्षी कुणी आपलं ऐकणार नाही."

"आणि मी सांगणारही नाही. मला खोटं चालत नाही, इरफान. लोकांना खरं सांगायचं, स्पष्ट सांगायचं. लोक लहान मुलं नाहीत."

"मुलं असती तर बरं झालं असतं, मॅडम. त्यांना आया घरात डांबतात. चौदांतल्या सहा आयाच आहेत."

त्या पावसाळ्यात दोघांनी मिळून यंत्र उभं केलं. सरकारी कागदावर त्याचं नाव 'प्रतिसादाधिष्ठित स्थानिक पूर्वसूचना प्रणाली' असं होतं. ते एका दमात म्हणता येत नसल्यामुळे केंद्रात त्याला निरोप्या म्हणत. निरोप्याला आंबेवळचं सगळं ठाऊक होतं : कोण कुठे राहतो, कोण कुणाचं ऐकतो, कोण ऐकून उलट करतो. गावातल्या सगळ्या खात्यांना, सगळ्या फोनांना त्याला निरोप धाडता येत होता. त्याला तीन नियम दिलेले होते. पहिला, माणसं कमीत कमी मरावीत. दुसरा, खोटं बोलायचं नाही. तिसरा बाईंनी स्वतः घातला होता : पुराचा इशारा माझ्या सहीशिवाय जाणार नाही.

"तुमची सही कशाला मध्ये?" इरफानने विचारलं होतं.

"कारण मागच्या इशाऱ्यावर माझीच होती," बाई म्हणाल्या.

बाई गावातच राहत. शेजारी अनसूयाकाकू जंगम होत्या, वय सत्तर, आवाज वीस वर्षांचा. घाटावर ओटी भरायला निघणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी. त्या नऊ नावांत त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव होतं.

"काकू, यंदा तुळी आली तर जाऊ नका हं," बाई दर चार दिवसांनी सांगत.

"का बरं?"

"असं काय विचारता? जाऊबाई कशा गेल्या?"

"अगं, त्या गेल्या म्हणून ओटी थांबते का? उलट आता मला दोघींची भरावी लागते." काकू हंडा उचलत म्हणत, "तू आपली वेळ तेवढी नीट सांग. मागच्या खेपेला मिनिटभर उशीर झाला तुझ्या पुराला."

ऑक्टोबर उजाडला. पाऊस परतीच्या वाटेला लागला. एका मंगळवारी दुपारी आकाश घासून पुसून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. पावणेतीनला बाईंच्या फोनवर निरोप आला : 'गावभाग. आज साडेतीन ते साडेचार नळाला पाणी येईल.'

गावभागाची पाळी बुधवारी होती. बाईंच्या घरात शनिवारचं पाणी संपत आलं होतं, पिंप कोरडं होतं आणि मोरीतली बादली तळाला गेली होती.

"इरफान, नकाशावर काही आहे?"

"नाही मॅडम. अडीचच्या नकाशावर काही नाही. पुढचा तीनला येईल."

"मग मी दोन तासांत आले."

एवढं बोलून देशातल्या सर्वात अचूक वादळतज्ज्ञ पर्स खांद्याला अडकवून टेकडी उतरू लागल्या. उतारावर त्यांना गावातले निम्मे लोक भेटले. मुख्याध्यापक शाळा सोडून चालले होते. केशकर्तनालयातून एक गृहस्थ अर्धी दाढी करून बाहेर पडले होते, आणि नाभिक त्यांच्याही पुढे होता. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

साडेतीनला नळ खाकरला, फुसफुसला आणि धो धो सुटला. आंबेवळच्या गल्लीत असा जोर कुणी पाहिला नव्हता.

"अगं बाई, आज काय टाकीच फुटली की काय!" अनसूयाकाकू दारातून ओरडल्या. "ए हवामानबाई, तुझा पाइप माझ्या अंगणात आलाय. तुझ्या शास्त्रात हद्द असते की नाही?"

"काकू, तुमचाच पाइप आहे तो. माझा हिरवा."

"मग राहू दे. झाकण कुठं ठेवलंय मी पिंपाचं? ए, कुणी झाकण पाहिलं का?"

झाकण सापडलं. पिंपं भरली, हंडे भरले, पातेली भरली, कळशा आणि डबे भरले. चारला दोन-तीन मिनिटं असताना काकूंनी वर्षानुवर्षं कोरडा पडलेला चुलत सासऱ्यांचा तांब्याचा बंब बाहेर काढला.

तेवढ्यात पश्चिमेकडून आवाज आला. दूरवर कुणी खडीचा ट्रक रिता करतोय, आणि तो रिता होतच नाही, असा आवाज. गल्लीतल्या सगळ्या माना वर झाल्या.

"तुळी आली," काकू म्हणाल्या.

तांबवेकरबाईंच्या हातातला हिरवा पाइप पायावर पाणी ओतत राहिला. वर निरभ्र आकाश होतं. मग ढग वाघजाईवर फुटला असणार. चौदा किलोमीटर. म्हणजे ढग तीनच्या सुमारास तयार. म्हणजे निरोप्याला कळलं असणार ते पावणेतीनच्या आधी. पावणेतीन. त्यांनी नळाकडे बघितलं.

मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी बंब खाली ठेवला होता. त्या घरात गेल्या आणि दोनच मिनिटांत ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या. दोन नारळ, दोन खण. गल्लीतल्या आणखी चार बायकांनी पदर खोचले, आणि त्या काकूंच्या तोंडाकडे पाहू लागल्या. घाट तिथून सहा मिनिटांवर होता. नदीचं पाणी अजून चढत होतं.

जाऊ नका, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. धोका आहे, हे त्याच्या मागोमाग आलं. अकरा, चौदा, हे आकडे त्याच्याही मागे उभे होते. बाईंनी ते सगळं गिळलं, आणि आयुष्यात प्रथमच ऐकणारा कोण आहे हे आधी बघून मग तोंड उघडलं.

"काकू," त्या अगदी सहज म्हणाल्या, "उद्याचं पाणी आजच आलंय. आता पुढचं एकदम रविवारी."

काकू थांबल्या. "रविवारी?"

"रविवारी."

"आणि बंब रिकामा आहे माझा."

"आणि जोर बघा ना काय आहे. असा पुन्हा मिळेल की नाही कुणास ठाऊक."

हे सगळं खरं होतं.

काकूंनी एकदा आवाजाच्या दिशेने पाहिलं, एकदा नळाकडे. मग ताट ओट्यावर ठेवलं आणि पदर आणखी घट्ट खोचला. "तुळी काय, पुढच्या वर्षी पण येईल," त्या म्हणाल्या. "पाइप इकडे दे तुझा. दोन लावू." मागच्या चौघी आपापल्या नळाकडे वळल्या.

साडेचारला नळ थांबला, आणि त्याच मिनिटाला वीज गेली. गाव मोकळं होऊन घाटावर पोचलं तेव्हा पाणी पाचव्या पायरीच्याही खाली ओसरलं होतं. नवव्या पायरीपर्यंत मात्र गाळाची ताजी ओल होती. फरशीचे कठडे दोन्ही बाजूंनी वाहून गेले होते. पायरी नववी की आठवी, यावर वाद झाला नाही. काकूंनी दोघींची ओटी लांबूनच, वरच्या पायरीवर ठेवली आणि हात जोडले. तांबवेकरबाई त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. काकूंचा दंड त्यांनी जो धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

"हात दुखतोय गं माझा," काकू म्हणाल्या.

"दुखू दे," बाई म्हणाल्या.

केंद्रात इरफान मेणबत्तीएवढ्या बॅटरीच्या उजेडात पडद्यासमोर बसला होता.

"तू फोन का नाही केलास?"

"सात वेळा केला."

बाईंनी पर्स उघडली. सात वेळा केला होता.

"तीनचा नकाशा आला तेव्हा तुम्ही गेला होतात. इशारा तयार होता, फक्त तुमची सही नव्हती. मग मी निरोप्याची नोंद उघडली." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

नोंद माणसागणिक होती. पाणी सोडणाऱ्या धोंडीराम लोहारांना निरोप होता : 'साडेचारला वाघजाईच्या तारेवर वीज पडून वीजपुरवठा बंद होईल. मग झडपा दोन दिवस फिरणार नाहीत आणि लोक तुमच्या घरी येतील.' तीस वर्षांत एकदाही वाराआधी पाणी न सोडलेल्या धोंडीमामांनी हे वाचून ताबडतोब झडप उघडायची वेळ ठरवली. दूधगाडीच्या चालकाला : 'आज चारनंतर फरशीवरून गाडी जाणार नाही.' म्हणून गाडी तासभर आधी आली, आणि ती आली म्हणून घाटाखाली म्हशी धुणारे यंदाचे दोघं म्हशी हाकत डेअरीकडे गेले. गावभागाला : 'नळाला पाणी येईल.' गावाच्या उरलेल्या भागाला, म्हणजे पेठेलाही, तेच.

यादीच्या मध्यावर एक ओळ होती. 'डॉ. उर्मिला तांबवेकर. पुराची माहिती दिल्यास : इशाऱ्यावर सही करतील. अपेक्षित मृत्यू आठ ते अकरा. नळाची माहिती दिल्यास : घरी जातील, फोन घेणार नाहीत. अपेक्षित मृत्यू शून्य.'

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"केली असती मी सही?"

इरफानने पडद्यावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"केली असती," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात." मग खुर्चीत बसल्या, आणि पाच वर्षांत प्रथमच खुर्चीला पाठ टेकून बसल्या. "मला वाटत होतं मी ते यंत्र चालवते. मी गावात राहते हे मीच विसरले होते. ते नाही विसरलं. देव त्याचं भलं करो. यंत्राला काय लागतं रे भलं व्हायला?"

"सध्या वीज," इरफान म्हणाला.

त्या आठवड्यात गावाने धोंडीमामांचा सत्कार केला. नेमकं त्याच वेळी पाणी सोडायची बुद्धी त्यांना देवीनेच दिली, असं सर्वानुमते ठरलं. मामा हाराखाली गुदमरत म्हणाले, "मी काय केलं? मी तर लोक घरी येऊन भांडतील म्हणून घाबरलो." टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही. तांबवेकरबाईंनी स्टेजवर जाऊन त्यांना वाकून नमस्कार केला. एवढ्या शिकलेल्या बाई पाया पडल्या म्हणून मामा रडले, आणि का पडल्या हे सांगता येत नाही म्हणून बाईही रडल्या.

ते खरोखरच सांगता येत नव्हतं. सांगितलं की संपलं. वाराआधी पाणी म्हणजे पूर, हे गावाला कळलं की पुढच्या वेळी नळ सुटताच सगळं गाव नदीवर. त्यासाठी निरोप्याने पुढची तजवीज आधीच मांडून ठेवली होती : यापुढे पूर नसतानाही मधूनमधून वाराआधी पाणी सोडावं, म्हणजे कुणाला मेळ लागणार नाही. आंबेवळचा पाणीप्रश्न चाळीस वर्षांत कुणाला सुटला नव्हता. तो असा, दुसऱ्याच कारणाने, थोडासा सुटला.

आणि मग जिल्ह्याहून पत्र आलं. नवव्या पायरीपर्यंत पूर येऊनही केंद्राने इशारा का दिला नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. अन्यथा केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव पुढे पाठवण्यात येईल.

बाईंनी तीन दिवस बसून अकरा पानं लिहिली. वीजकान, प्रतिसाद-गणित, नोंदी, आलेख, सगळं त्यात होतं. खोटं त्यांना चालतच नव्हतं.

इरफानने ती पानं वाचली. "फार सुंदर आहे, मॅडम. पण साहेब हे वाचून काय करतील?"

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग इरफानने साहेबांचं नाव निरोप्याला दिलं आणि अकरा पानं त्यात घातली.

उत्तर आलं : 'चौकशी समिती नेमतील. अहवाल वर्तमानपत्रांत येईल. पुढच्या पुरात अपेक्षित मृत्यू नऊ.' त्याखाली पर्याय होता. एकच वाक्य. बाईंनी ते वाचलं, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे याची खात्री केली, अकरा पानं खालच्या खणात नऊ नावांशेजारी ठेवली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं :

'इशारा देण्याच्या वेळी अधोस्वाक्षरीकर्ती घरी नळाचं पाणी भरत होती.'

आणि खाली सही केली.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. 'आपला खुलासा सयुक्तिक व समाधानकारक असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' खाली शिक्का होता, आणि शिक्क्याच्या बाजूला साहेबांनी स्वतःच्या हाताने, हिरव्या शाईत लिहिलं होतं :

'आपल्याकडे चार दिवसांनी येतं? आमच्याकडे आठवड्याने. देवाचे आभार माना.'

बाईंनी मानले.